तारा सत्तेचाळीस, पाय दोन: डोरोथी अ‍ॅशबींचा हार्प

विषय जाहीर झाल्यावर एका श्रोत्यानं विचारलं, हार्पवर बोलण्यासारखं असतं तरी काय? प्रश्न अगदी चुकीचा नाही. आपल्याकडे हार्प म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती देवदूतांची चित्रं, नाहीतर पंचतारांकित हॉटेलच्या लॉबीतलं मंद काहीतरी. सिनेमात स्वप्न सुरू झालं की एक लांबलचक सरसर ऐकू येते, तो हार्प. म्हणजे हे वाद्य आपण ऐकलेलं असतं, पण त्याच्याकडे लक्ष दिलेलं नसतं. आज मी ज्या बाईंबद्दल बोलणार आहे त्यांचं सगळं आयुष्य या सरसरीशी भांडण्यात गेलं. डोरोथी अ‍ॅशबी. गाव डेट्रॉइट, अमेरिका. जन्म १९३०च्या दशकाच्या सुरुवातीचा, मृत्यू १३ एप्रिल १९८६, कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद घालायला बरं. अ‍ॅशबीबाईंना आज नव्यानं मान मिळतोय, पण तो बराचसा चुकीच्या कारणासाठी मिळतोय. त्यांचं वादन 'शांत', 'ध्यानाला पोषक', 'तरल' म्हणून ऐकलं जातं. मला त्या लयीच्या वादक वाटतात. तरलतेपेक्षा त्यांच्यात ठाशीवपणा जास्त आहे. आणि हा ठाशीवपणा या वाद्यातून काढणं किती अवघड आहे हे कळल्याशिवाय त्यांचं मोल कळत नाही. म्हणून पहिली दहा मिनिटं वाद्याची. कंटाळू नका.

मैफलीत वाजणाऱ्या मोठ्या हार्पला ४७ तारा असतात. उंची माणसाएवढी, वजन पस्तीस-चाळीस किलो. 'सी'च्या तारा लाल आणि 'एफ'च्या काळ्या, म्हणजे वाजवणाऱ्याला तारांच्या त्या जंगलात रस्ता सापडावा. वाजवायला दोन्ही हातांची चार-चार बोटं; करंगळी वापरत नाहीत. इथवर ठीक आहे, आपलं स्वरमंडल मोठं करून उभं केलं असं समजा. खरी गोष्ट पायाशी आहे. खाली सात पॅडल असतात, तीन डाव्या पायाला, चार उजव्या. एकेका स्वराला एक पॅडल, आणि प्रत्येक पॅडलच्या तीन जागा. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक स्वर मधल्या जागी, तिथून अर्धा खाली किंवा अर्धा वर. आणि इथे सा-पसुद्धा अचल नाहीत बरं का, तेही हलतात! सेबास्तियां एरार या कारागिरानं १८१०मध्ये या दुहेरी यंत्रणेचं पेटंट घेतलं, आणि आजचा हार्प मुळात तोच आहे.

आता गंमत बघा. एक पॅडल हलवलं की त्या नावाच्या सगळ्या सप्तकांतल्या सगळ्या तारा हलतात. वरचा ग कोमल आणि खालचा ग शुद्ध, असं सरळ करता येत नाही. पियानोवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या समोर पसरलेल्या असतात, बोट उचललं की स्वर हजर. हार्पवर एका वेळी सात नावांचे सातच स्वर तुमच्या हातात असतात. आठवा हवा असेल तर पायाने मागावा लागतो, आणि तोही वेळेवर.

आता ब्लूज घ्या. ब्लूजचा जीव कुठे असतो? कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या घासाघाशीत. दोन्ही ग एकाच वेळी हाताशी हवेत. हार्पवाला काय करेल? रेचं पॅडल खाली दाबेल. रे अर्धा स्वर चढला की झाला कोमल ग. आता दोन्ही ग आले, पण रे गेला! आपल्या जोग रागात हे फुकटात जमून जाईल, कारण तिथे रे वर्ज्यच आहे आणि दोन्ही गंधार हवेतच. पण जॅझच्या गाण्यात पुढच्याच मात्रेला सुरावटीखालचा कॉर्ड बदलतो आणि तिथे रे लागतो. मग पाय पुन्हा कामाला. एका आवर्तनात आठ-दहा कॉर्ड, लय द्रुत, आणि वरून हे सगळं उत्स्फूर्त. म्हणजे हाताला काय सुचणार आहे ते पायाला आधी ठाऊक पाहिजे.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हार्पला पियानोसारखं आवाज थांबवणारं काही नसतं. तार छेडली की ती गुंजत राहते. शास्त्रोक्त पाश्चात्त्य संगीतात या गुंजण्याचंच कौतुक असतं. जॅझमध्ये ते चिखल करतं. जॅझचं वाक्य तुटक असतं, त्यात श्वास असतो, अचानक थांबणं असतं. हार्पवर थांबायचं तर तळव्यानं, बोटानं तार दाबून आवाज मारावा लागतो. म्हणजे इतर वाद्यांवर न वाजवलं की शांतता होते, इथे शांततासुद्धा वाजवावी लागते. पुढे रेकॉर्ड ऐकाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

आता बाईंकडे येतो. माहेरचं नाव डोरोथी जीन थॉम्पसन. वडील वायली थॉम्पसन गिटार वाजवायचे, स्वतःच शिकलेले. घरी वादक मंडळींचा राबता. मुलगी पियानोवर साथ करायची. घरात गिटार होती हे मी मुद्दाम सांगतोय, पुढे उपयोगी पडेल. शाळा कॅस टेक्निकल हायस्कूल. नाव टेक्निकल, पण संगीतातही दबदबा मोठा. ट्रंपेटवादक डोनाल्ड बर्ड, बासवादक रॉन कार्टर याच शाळेचे. आणि ही सरकारी शाळा. मोटारींच्या कारखान्यांत राबायला दक्षिणेतून आलेल्या काळ्या कुटुंबांची मुलं तिथे शिकायची. या शाळेकडे स्वतःचे हार्प होते. ज्या वाद्याची किंमत ऐकूनच कामगाराच्या घरात कुणी त्याचं नाव काढणार नाही, ते वाद्य एका काळ्या मुलीच्या हाती आलं ते सार्वजनिक शाळेमुळे. प्रतिभा वगैरे सगळं खरं, पण शाळेच्या खोलीत हार्प उभा नसता तर आज आपण इथे बसलो नसतो. असो.

पुढे वेन विद्यापीठात पियानो आणि संगीतशिक्षण. डेट्रॉइटच्या क्लबांत पियानोवादक म्हणून कामही मिळत होतं. आणि १९५२च्या आसपास त्यांनी ठरवलं की आपलं मुख्य वाद्य हार्प. चांगला चालता पियानो सोडून! त्यांच्या आधी जॅझमध्ये हार्प कुणी वाजवलाच नव्हता असं नाही. कॅस्पर रिअर्डन यांनी १९३०च्या दशकात जॅक टीगार्डनबरोबर वाजवला होता, अडेल जिरार्ड यांनी स्विंगच्या काळात वाजवला होता. चांगले वादक होते दोघंही. पण तिथे हार्प पाहुणा होता, घरात राहायला आलेला नव्हता. आणि बीबॉपनंतरच्या जॅझची हार्मनी इतकी वळणांची झाली होती की वर सांगितलेल्या पॅडलच्या हिशेबानं हार्प त्यातून बाहेरच पडायला हवा होता.

बाहेरच्या अडचणीही होत्याच. एका मुलाखतीत अ‍ॅशबीबाईंनी त्या अगदी कोरडेपणानं मांडल्या आहेत. त्यांना ज्या श्रोत्यांपर्यंत पोचायचं होतं त्यांना मुळात हार्पमध्येच रस नव्हता, आणि काळी बाई हार्प वाजवते हे बघण्यात तर नव्हताच. मग त्यांनी काय केलं? लोकांना सवय लागावी म्हणून फुकट कार्यक्रम केले. लग्नात वाजवलं, नाचाच्या समारंभांत वाजवलं. चाळीस किलोचं धूड गाडीत घालायचं, उतरवायचं, ४७ तारा जुळवायच्या, वाजवायचं, पुन्हा गाडीत घालायचं. आमच्याकडे तबलजी डग्ग्याच्या ओझ्याबद्दल कुरकुर करतात तेव्हा मला हे आठवतं.

इथे एक फाटा फोडतो. हार्प हे 'बायकांचं वाद्य' मानलं गेलं, आणि त्यामुळे त्यानं काही दारं उघडलीही. १९३०मध्ये एडना फिलिप्स फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात हार्पच्या मुख्य वादक झाल्या. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रात असं पद मिळवणारी ती पहिली स्त्री. व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं १९९७मध्ये पहिल्यांदा एका बाईला सभासद केलं, तीही हार्पवादक, आना लेल्केश. त्याआधी दोन दशकांहून जास्त काळ त्या तिथेच बसून वाजवत होत्या, फक्त सभासद नव्हत्या. म्हणजे दार उघडायचं, पण उंबऱ्यावर बसवायचं. आणि हे गोऱ्या बायकांचं. अ‍ॅशबींच्या वाट्याला ते दारही नव्हतं. एका बाजूला ऑर्केस्ट्रा, जिथे रंग आडवा येतो. दुसऱ्या बाजूला जॅझ क्लब, जिथे वाद्यच आडवं येतं.

आता रेकॉर्डकडे. १९५७ ते १९७० या काळात स्वतःच्या नावावर नऊ. पहिली 'द जॅझ हार्पिस्ट', १९५७. त्यातली 'इओलियन ग्रूव्ह' ही त्यांची स्वतःची रचना. नावातच कोटी आहे, इओलियन हार्प म्हणजे वाऱ्यानं आपोआप वाजणारं वाद्य, आणि त्याला जोडलाय ग्रूव्ह, म्हणजे ठेका! मग १९५८मध्ये दोन, 'हिप हार्प' आणि 'इन अ मायनर ग्रूव्ह'. दोन्ही रूडी व्हॅन गेल्डर यांच्याकडे, न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला ध्वनिमुद्रित झाल्या, मार्च आणि सप्टेंबरमध्ये. हा स्टुडिओ म्हणजे व्हॅन गेल्डर यांच्या आईवडलांची बैठकीची खोली. त्या खोलीत त्या काळातलं किती जॅझ मुद्रित झालंय त्याला गणती नाही. सोबत बासरीवर काउंट बेसींच्या बँडमधले फ्रँक वेस, बासवर हर्मन राइट. ड्रमवर पहिल्या रेकॉर्डला आर्ट टेलर, दुसऱ्या वेळी रॉय हेन्स. ही नावं जॅझवाल्यांना सांगायला नकोत. अशी माणसं शोभेच्या वाद्याबरोबर बसून वेळ घालवणारी नव्हती.

ऐकू या थोडं. 'इट्स अ मायनर थिंग'.

(येथे ध्वनिमुद्रणाचा अंश ऐकवण्यात आला.)

काय ऐकलंत? आधी काय ऐकलं नाहीत ते सांगा. सरसर नव्हती. बासरी पुढे असते तेव्हा मागे हार्प काय करतोय? छोटे, आखूड, छाटलेले कॉर्ड. डोळे मिटून ऐकलंत तर गिटार वाटेल. वडलांची गिटार आठवा. मी काही मानसशास्त्र करत नाही, पण साथ म्हणजे काय हे ज्या मुलीनं गिटारवाल्या घरात शिकलं तिला हार्पकडून काय हवं असणार? आणि एकल वादन सुरू झालं की एकेरी स्वरांची ओळ, तिला शेंडा-बुडखा आहे, ती थांबते. प्रत्येक थांबण्यामागे एक दाबलेली तार आहे. मी म्हटलं ना, शांतता वाजवावी लागते.

माझ्या मते 'इन अ मायनर ग्रूव्ह' ही त्यांची सर्वांत पक्की रेकॉर्ड. याच्याशी सगळे सहमत नाहीत. बहुतेकांची आवडती आहे १९६८ची 'अ‍ॅफ्रो-हार्पिंग', आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. मधल्या काळात जॅझचा बाजार घसरला होता, सोल आणि रॉकनं तरुण श्रोता नेला होता. शिकागोच्या कॅडेट कंपनीत रिचर्ड इव्हान्स या संयोजकानं अ‍ॅशबींचा हार्प सोलच्या ठेक्यावर आणला. पहिलीच रचना 'सोल व्हायब्रेशन्स': थेरेमिनचा भुताटकीचा आवाज, खाली बास आणि ड्रमचा जाड पट्टा, आणि वर हार्प. झक्क लागते, नाही म्हणणार नाही. दोन-अडीच दशकांनी हिपहॉपवाल्या पोरांनी याच कॅडेटच्या रेकॉर्डमधले तुकडे कापून आपल्या गाण्यांत लावले आणि बाईंचं नाव पुन्हा फिरायला लागलं.

पण टीकाकार म्हणून मला विचारावंच लागतं, या रेकॉर्डमध्ये निर्णय कोणाचे आहेत? मुद्रिकेचा मालक इव्हान्स आहे असं पुष्कळदा वाटतं. 'द लुक ऑफ लव्ह'सारखी त्या वेळची चलती गाणी घेतली आहेत, तिथे हार्प सजावटीकडे झुकतो. ज्या सरसरीशी भांडण होतं ती मागच्या दारानं आत येते. उलट 'लिटल सनफ्लॉवर' ऐका, फ्रेडी हबर्ड यांची रचना. तिथे धून साधी, कॉर्ड मोजके, पाय मोकळे. आणि हात बोलायला लागतात. म्हणजे रेकॉर्ड उंच-सखल आहे. तिची कीर्ती सलग आहे, वादन सलग नाही.

आणि १९७०ची 'द रुबाइयात ऑफ डोरोथी अ‍ॅशबी'. उमर खय्याम म्हटलं की मराठी माणूस सरसावून बसतो, कारण माधव जूलियनांनी मूळ फारसीवरून रुबाया मराठीत आणल्या. अ‍ॅशबींपुढे आहे तो फिट्झजेराल्डचा इंग्रजी खय्याम. इथे त्या स्वतः गातात, हार्पशिवाय जपानी कोतो वाजवतात, आफ्रिकी अंगठा-पियानो वाजवतात. या रेकॉर्डबद्दल आज भक्तिभावानं बोललं जातं. मला ती धाडसी वाटते आणि अर्धी फसलेली. आवाज गोड आहे, पण खय्यामच्या शब्दांचं ओझं त्याला पेलत नाही. आणि कोतो पुष्कळदा नुसता 'पूर्वेचा' रंग म्हणून येतो. मात्र रचना त्यांच्या स्वतःच्या आहेत, हे विसरून चालणार नाही. तोवर त्यांना दुसऱ्यांच्या गाण्यांवर स्वतःला सिद्ध करावं लागत होतं. इथे पहिल्यांदा सबंध रेकॉर्डभर त्यांचं डोकं ऐकू येतं. फसलेलं का होईना, त्यांचं.

प्रश्नोत्तरात हमखास येणारा प्रश्न आधीच घेतो: आणि अ‍ॅलिस कोल्ट्रेन? त्याही डेट्रॉइटच्याच, १९३७चा जन्म, आणि त्यांनीही हार्प वाजवला. भारतात आपण त्यांना जास्त ओळखतो. १९७१ची 'जर्नी इन सच्चिदानंद', त्यात तानपुरा, स्वामी सच्चिदानंदांचं नाव, पुढे स्वतःचा आश्रम. त्यांच्या हार्पमध्ये लाटा आहेत, तारांचा पूर आहे. त्यांना पॅडल एकदा लावून त्या स्वरांच्या पाण्यात उतरायचं असतं. ते फार मोठं संगीत आहे. पण आपल्याला ते जवळचं वाटतं याचं एक कारण असंही आहे की त्या आरशात आपला चेहरा दिसतो. अ‍ॅशबींच्या आरशात आपण दिसत नाही. तिथे डेट्रॉइट दिसतं, नाचाचा हॉल दिसतो, शनिवारची रात्र दिसते. दोघींना एकाच 'आध्यात्मिक हार्प' नावाच्या पोत्यात भरणं हा दोघींवर अन्याय आहे, अ‍ॅशबींवर जरा जास्त.

त्यांच्या नाटकाबद्दल थोडं बोलायलाच हवं, नाट्यवेडे बरेच दिसतायत समोर. नवरा जॉन अ‍ॅशबी याच्यासोबत त्यांनी डेट्रॉइटमध्ये 'अ‍ॅशबी प्लेयर्स' ही नाटकमंडळी चालवली. तो नाटकं लिहायचा, या संगीत करायच्या. विषय शहरातल्या काळ्या माणसांचं जगणं. शिवाय रेडिओवर कार्यक्रम, वर्तमानपत्रात जॅझवर लेखन. नुसत्या हार्पवर पोट भरत नव्हतं, हे या यादीतून कळतं.

मग १९७०च्या दशकात मुक्काम कॅलिफोर्नियाला, आणि काम स्टुडिओतलं. बिल विदर्स, मिनी रिपर्टन, स्टीवी वंडर अशांच्या रेकॉर्डमध्ये हार्प त्यांचा. चरित्रकार साधारणपणे हा भाग दोन ओळींत उरकतात, जणू कलाकार संपला आणि नोकरी सुरू झाली. मला हे पटत नाही. स्टुडिओत वादकाला तासांचे ठरलेले पैसे मिळतात, हार्प रोज उचलून गावोगाव न्यावा लागत नाही, आणि क्लबमालकाला हार्प म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही. वीस वर्षं ओझी वाहिलेल्या बाईनं हे पत्करलं तर त्यात हार कसली? हां, एक खरं की १९७० नंतर दशकभराहून जास्त काळ त्यांच्या नावाची रेकॉर्ड निघाली नाही. त्यांच्या हाताला काम होतं, त्यांच्या कल्पनांना गिऱ्हाईक नव्हतं. हे नुकसान आपलं. अखेर १९८४मध्ये जपानी बाजारासाठी दोन रेकॉर्ड निघाल्या, त्यातली एक 'कॉन्सिएर्तो दे अरान्हुएथ'. सोबत कुणी नाही, निव्वळ हार्प. दोन वर्षांनी कर्करोगानं त्या गेल्या.

सुदैवानं आता रेकॉर्ड मिळतात. १९५७ ते १९६५चं काम २०२३मध्ये एका संचात पुन्हा निघालं. त्याच वर्षी ब्रँडी यंगर या आजच्या हार्पवादक बाईंनी 'ब्रँड न्यू लाइफ' या रेकॉर्डमध्ये अ‍ॅशबींच्या काही रचना वाजवल्या, ज्या खुद्द अ‍ॅशबींकडून मुद्रित व्हायच्या राहून गेल्या होत्या. नवख्यांनी 'इन अ मायनर ग्रूव्ह'पासून सुरुवात करा, मग १९६१ची 'सॉफ्ट विंड्स', तिच्यात व्हायब्राफोनवर डेट्रॉइटच्याच टेरी पोलार्ड आहेत, आणि त्यानंतर 'अ‍ॅफ्रो-हार्पिंग'. उलट क्रमानं गेलात तर हार्प मागे कुठेतरी वाजतोय एवढंच कानात राहील.

शेवटी एक गाणं ऐकवतो आणि मग तुमचे प्रश्न. स्टीवी वंडर यांच्या १९७६च्या 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ'मधलं 'इफ इट्स मॅजिक'. त्या अल्बममध्ये वादकांची फौज आहे, पण या गाण्यात त्यांचा आवाज, शेवटी थोडी हार्मोनिका, आणि पूर्णवेळ अ‍ॅशबीबाईंचा हार्प. बाकी कुणी नाही. तो साथ कशी करतो बघा, गायकाच्या श्वासाला कुठे जागा सोडतो ते बघा. २०१४-१५च्या दौऱ्यात वंडर यांनी हा सगळा अल्बम रंगमंचावर सादर केला. मोठा वाद्यवृंद सोबत होता. या गाण्याला मात्र त्यांनी अ‍ॅशबींच्या मूळ हार्पचं मुद्रण लावलं आणि त्यावर गायले. लावा रे ते.